सातव्या गाण्यात बाबा जातात

धाकट्याला दुःख हवं होतं आणि ते काही केल्या सापडत नव्हतं. बँड काढून बरीच वर्षं झाली होती. हॉटेलांत लोक जेवत असताना कोपऱ्यात उभं राहून वाजवायचं, आणि एखाद्याने घास हातात धरून दोन क्षण मान वर केली की आपण गाजलो असं समजायचं, इथवरच काय ती मजल. मग कुठेतरी त्याच्या वाचनात आलं की मोठे अल्बम जखमेतून जन्माला येतात. त्या दिवसापासून गडी स्वतःच्या अंगावर जखम शोधत सुटला. दात ठणठणीत होते, कारण गिटार वाजवणारा डॉक्टर हा दातांचाच डॉक्टर होता आणि फुकट तपासायचा. प्रेमभंग एक झाला होता, पण त्यात चूक सर्वस्वी याची, तेव्हा त्यावर गाणं करणं अंगाशी आलं असतं. आई गेल्याचं दुःख होतं. ते खरं होतं, म्हणूनच बहुधा त्यावर त्याला एक ओळ सुचेना.

आई गेली तेव्हा तो आणि ताई शाळेत होते. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची आणि संध्याकाळी बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. सगळा बँड तिला ताईच म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठा असलेला ड्रमर ढोल्यासुद्धा. दोघा भावंडांना वाढवलं बाबांनी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. बोलायला लागले की थांबायचे नाहीत, पोरांच्या डब्यात काय आहे हे पोरांच्या आधी सगळ्या बिल्डिंगला ठाऊक असायचं. बँडची पहिली तालीम गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये झाली होती, कारण तिथे आरडाओरडा केला तरी मोटरच्या आवाजात कोणाला कळत नसे. ती जागाही बाबांनीच मिळवून दिली होती.

शेवटी दुःखाच्या शोधात फिरणारी धाकट्याची नजर बाबांवर येऊन थांबली. बाबा धडधाकट होते, समोर बसून चहा पीत होते.

"बाबा, नवा अल्बम संकल्पनेवर आहे," धाकटा म्हणाला. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट. एक मुलगा आणि त्याचा बाप. बाप लिफ्टवाला."

"अरे वा," बाबा म्हणाले.

"सातव्या गाण्यात तुम्ही जाता."

"कुठे?"

"म्हणजे, जाता. मरता."

बाबांनी चहाचा घोट गिळला. "सातव्यात म्हणजे बराच वेळ मिळतो की मला. कशाने जातो?"

"लिफ्ट कोसळते."

"अरे, लिफ्ट अशी उगाच कोसळत नाही."

"बाबा, ती प्रतीकात्मक लिफ्ट आहे."

"मग ठीक आहे. ती माझ्याकडे दुरुस्तीला नव्हती." बाबा खूश झाले. मुलगा आपल्यावर काहीतरी करतोय एवढंच त्यांनी ऐकलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी खालच्या मजल्यावरच्यांना ही बातमी कौतुकाने सांगितली. ताईला तेव्हा हसू आलं होतं. नंतर ते हसू आठवलं की तिला स्वतःचाच राग यायचा.

अडचण अशी झाली की खरे बाबा गाण्यात बसेनात. डब्यात काय आहे हे सांगत फिरणाऱ्या माणसाच्या मरणावर कोण रडणार? म्हणून धाकट्याने बाप थोडा गप्प केला. मग थोडा कडक केला. तिसऱ्या गाण्यापर्यंत बाप पट्टा काढायला लागला आणि पाचव्यात त्याने मशीनरूममध्ये मुलाची गिटार जमिनीवर आपटून फोडली. खरी हकीकत अशी की गिटार धाकट्याच्याच बुडाखाली आली होती, आणि बाबांनी रात्रभर बसून तिला सरस लावून दोन शिकंज्यांत आवळून ठेवलं होतं. पण सरसाचं गाणं होत नाही. स्टुडिओत डॉक्टरने गिटार फुटण्याचा आवाज इतक्या आवडीने काढला की ढोल्याला काचेमागून बाहेर येऊन नाक शिंकरावं लागलं.

सातव्या गाण्याचा सगळा भार ताईवर होता. बाकी सगळे थांबायचे आणि नुसती बेस वाजायची. लिफ्ट एकेक मजला खाली यायची, दर मजल्याला एक सूर खाली. अगदी शेवटी सगळ्यात जाड तार मोकळी वाजली की ढोल्या झांजांवर कोसळायचा, दिवे जायचे, आणि बाबा गेलेले असायचे. तो शेवटचा सूर ही सगळ्यांची खूण होती. तो वाजल्याशिवाय ना ढोल्या हलायचा, ना दिवेवाला बटण दाबायचा, ना आठवं गाणं सुरू व्हायचं. अल्बमला मध्ये कुठेही थांबा नव्हता, गाण्याला गाणं चिकटलेलं होतं, आणि याचा धाकट्याला फार अभिमान होता.

त्या गाण्याच्या सुरुवातीला लिफ्टचा लोखंडी जाळीचा दरवाजा ओढल्याचा आवाज आहे. तो बाबांनी काढला. भंगारातून जुना दरवाजा आणला, त्याला तेल दिलं, मग तेल दिल्यामुळे तो करकरेना म्हणून सगळं तेल पुसून काढलं. स्वतःच्या मरणाची इतकी जय्यत तयारी करणारा माणूस ताईने दुसरा पाहिला नाही. अल्बमच्या मागे नावं छापायची वेळ आली तेव्हा धाकटा जरा घुटमळला. मेलेल्या बापाचं नाव दरवाजा वाजवणारा म्हणून कसं छापायचं? मग त्याने छापलं, 'दरवाजा : ड्रायव्हर काका'. कारण बँडची गाडीही बाबाच चालवायचे.

"गंमत आहे," बाबा म्हणाले. ताईने ते तसंच जाऊ दिलं. तिला वाटलं, एक अल्बम आहे, चार लोक ऐकतील आणि विषय संपेल.

अल्बम चार लोकांनी ऐकला नाही. इतक्या लोकांनी ऐकला की धाकट्याचेच डोळे पांढरे झाले. एका बाईंनी त्याची मुलाखत घेतली. कॅमेऱ्यासमोर त्यांनी हळुवार आवाजात विचारलं, "तुमच्या वडिलांना जाऊन किती वर्षं झाली?" आता इथे धाकटा खोटं बोलला असता तर ताईने त्याचा कान धरला असता. तो बोललाच नाही. त्याने डोळे मिटले, कारण काय उत्तर द्यावं ते त्याला सुचत नव्हतं. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नका सांगू. कळलं आम्हाला." बाबा त्या वेळी खाली गाडीत बसून त्याची वाट बघत होते. मुलाखतीतले ते मिटलेले डोळे गावोगाव पोहोचले, आणि मग दौरा ठरला.

दौऱ्यावर गाडी बाबांनीच चालवायची यावर कोणाचं दुमत नव्हतं. डॉक्टरला स्टिअरिंगवर झोप लागायची. ढोल्याने एकदा चालवली होती आणि त्यानंतर गाडीला एका बाजूचा आरसा राहिला नव्हता. धाकट्याने गाडी शिकण्याचं कधी मनावरच घेतलं नाही, तो खिडकीतून बाहेर बघून खिन्न व्हायचा. ताईला चालवता यायची, पण मागे बसून हात शेकत बसावं लागायचं, नाहीतर संध्याकाळी बोटं वळायची नाहीत. शिवाय बाबांना आवडायचं. पोरांना घेऊन चाललोय, असं ते पेट्रोल पंपावर सांगायला जायचे आणि मग जीभ चावून म्हणायचे, "म्हणजे बँडच्या पोरांना."

कारण आता ते ड्रायव्हर काका होते. हे कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या गावात एका मुलीने विचारलं, "तुम्ही कोण?" बाबांनी धाकट्याकडे बघितलं, धाकट्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. बाबा म्हणाले, "मी गाडी चालवतो." ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या गावापासून ते तसंच सांगायला लागले.

कार्यक्रम चालू असताना बाबा बाहेर टेबल मांडून बँडचे टी-शर्ट विकायचे. काळ्या शर्टावर पांढऱ्या अक्षरांत सातव्या गाण्यातली ओळ होती, 'तू पडलास, मी सुटलो.' बाबा ते शर्ट एकावर एक नीट घडी घालून ठेवायचे, गिऱ्हाइकाच्या खांद्याला लावून माप बघायचे. लोक त्यांच्यापाशी मन मोकळं करायचे, कारण ते ऐकून घ्यायचे. एकाने सांगितलं, माझा बापही तसलाच होता. एक बाई म्हणाल्या, असली माणसं वेळेवर जातात ते बरंच. बाबा म्हणाले, "हो ना." आणि त्यांना सुट्टे परत केले.

एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना, रस्त्याकडेच्या टपरीवर बाकीचे खात होते तेव्हा बाबा ताईला बाजूला घेऊन गेले. गाडीच्या चाकात हवा आहे की नाही हे बघायचं निमित्त होतं. त्यांनी चाकाला एक लाथ मारली आणि चाकाकडेच बघत विचारलं, "ताई, मी खरंच त्याची गिटार फोडली होती का गं?"

"बाबा, तुम्ही जोडली होती," ताई म्हणाली.

"मलाही तसंच आठवत होतं," बाबा म्हणाले. "पण एवढे लोक म्हणतात. आणि तो रडतो ना गाताना. उगाच कोण रडेल? माझ्याच हातून काहीतरी झालं असेल, मी विसरलो असेन. तुमची आई गेल्यावर मी जरा चिडचिडा झालो होतो, नाही का?"

"नव्हता झालात."

"तू लहान होतीस," बाबा म्हणाले, आणि दुसरं चाक बघायला गेले.

ताई तरातरा टपरीत गेली. धाकटा बिस्किटं चहात बुडवत होता. एकदा तिच्या मनात आलं, बिस्किटाऐवजी याचं डोकं बुडवावं. ती त्याला बाहेर घेऊन आली आणि म्हणाली, "तू स्टेजवरून सांगायचंस. बाबा जिवंत आहेत, ते असे नव्हते, आणि ते समोर बसलेत. एवढंच. दोन वाक्यं."

"ताई, संकल्पना मोडेल."

"मोडू दे."

"लोक किती विश्वासाने रडतात, तुला दिसत नाही. त्यांच्या भावनांचा अपमान होईल गं."

"आणि ज्यांच्या जिवावर रडतात त्यांचं काय? त्यांना स्वतःचंच खरं वाटेनासं झालंय. मला विचारत होते, मी गिटार फोडली का."

धाकटा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर ताईने केव्हाच त्याच्या नावाने आंघोळ केली असती. त्याचे डोळे भरले, या वेळी मिटायचं न सुचता भरले. तो म्हणाला, "शेवटच्या कार्यक्रमात सांगतो. आपल्या घरच्या गावात. सातवं गाणं सुरू व्हायच्या आधी बाबांना वर बोलावतो. शपथ."

त्याने हे स्वतः जाऊन बाबांनाही सांगितलं. तेव्हापासून बाबा गाडी चालवताना शीळ घालायला लागले. वर बोलावल्यावर काय बोलायचं याचा त्यांनी ढोल्याजवळ सल्ला घेतला. ढोल्याने सांगितलं, थोडक्यात बोला काका. बाबांना थोडक्यात बोलणं जिवावर यायचं, म्हणून ते वाटभर सराव करायचे, आणि दर वेळी भाषण आधीपेक्षा लांबायचं.

घरच्या गावातला कार्यक्रम दुपारचा होता, कारण संध्याकाळी हॉल कुठल्याशा वजन कमी करणाऱ्यांच्या मेळाव्याला दिलेला होता. बाबा जिवंत असल्याचं तिथे कोणी ओळखेल अशी भीती नव्हती. जे बाबांना ओळखायचे त्यांनी हा बँड भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकला होता की तिकीट काढून पुन्हा ऐकायला कोणी येणार नव्हतं. बाबांनी शर्टाचं टेबल मांडलं नाही. इस्त्रीचा निळा शर्ट घालून ते तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसले, उठून वर जाताना कोणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून. इतक्या गावांत त्यांनी स्वतःचं मरण फक्त भिंतीआडून ऐकलं होतं. ताईला स्टेजवरून त्यांचा भांग दिसत होता. त्यांनी तो पाण्याने चापून बसवला होता.

सहावं गाणं संपलं आणि ठरल्याप्रमाणे बँड थांबला. धाकटा माइकपाशी आला. हॉलमध्ये काळे शर्टच काळे शर्ट होते. बाबा खुर्चीच्या पुढच्या काठावर सरकले.

"हे गाणं माझ्या बाबांसाठी," धाकटा म्हणाला आणि थांबला. त्याने बाबांकडे बघितलं. मग त्याने त्या काळ्या शर्टांकडे बघितलं. पहिल्या रांगेतली एक मुलगी आधीच डोळे पुसत होती. ताईला दिसलं की शब्द याच्या ओठांपर्यंत आले, आणि तिथून मागे फिरले.

"जे आज आपल्यात नाहीत," धाकटा म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.

लोखंडी दरवाजा करकरला. धाकट्याने कडवी गायली, बाकीचे थांबले, आणि लिफ्ट खाली निघाली. ताईची बोटं सवयीने चालत होती. सहावा मजला, पाचवा, चौथा. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली. तिने तिसऱ्याचा सूर पुन्हा वाजवला, आणि पुन्हा. खाली सोडलाच नाही.

ढोल्याचे हात वर गेलेले होते ते वरच राहिले. दिवेवाल्याचं बोट बटणावर. डॉक्टरने उगाच गिटारची एक खुंटी पिळली. "ताई, खाली," धाकटा दातांतून पुटपुटला. ताईने मानेने तिसऱ्या रांगेकडे दाखवलं आणि तिसऱ्या मजल्याचा सूर वाजवला. तू सांग, मग सोडते. त्याला कळलं. न कळायला काय झालं, एका घरात वाढलेली पोरं ती. त्याने माइक हातात घेतला, परत ठेवला, आणि मागची ओळ पुन्हा गायली. लोक आधी हुंदके देत होते, मग नाक पुसून झालं, मग खोकायला लागले. बाबा मेल्याशिवाय कोणाला पुढे जाता येत नव्हतं, आणि ताईला त्यांना मारायचं नव्हतं. तिच्या बोटाचं कातडं सोलवटलं होतं. ती रडत होती आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

तिसऱ्या रांगेतून बाबा उठले. हॉलच्या माणसाने त्यांना अडवलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मी बँडचा ड्रायव्हर," आणि वाकून, कोणाला आड न येता, स्टेजच्या कडेशी ताईच्या पायांपाशी आले.

"ताई, काय झालं? तार गेली का?"

"नाही बाबा."

"मग सोड ना खाली. माणसं अडकलीत."

तेवढंच म्हणून ते उभे राहिले, मान वर करून, तिच्याकडे बघत. आयुष्यभर अडकलेली लिफ्ट बघून या माणसाला दुसरं काही सुचलेलं नव्हतं. ताईने जाड तार मोकळी सोडली. ढोल्या कोसळला, दिवे गेले, आणि अंधारात टाळ्यांचा जो कडकडाट झाला त्यात सगळ्यात जवळून ऐकू येत होत्या त्या बाबांच्या टाळ्या.

कार्यक्रमानंतर हॉलच्या मागे लख्ख ऊन होतं. गाडीभोवती काळ्या शर्टांची गर्दी होती. लोक धाकट्याला सांगत होते, आज बाप मरताना तुम्ही जसे थांबलात, तसं कुठेच झालं नव्हतं, आम्हाला श्वास घेता आला नाही. धाकटा मान डोलावत होता. सामान चढलं. बाबा गाडीच्या दारापाशी उभे होते, पण आत बसत नव्हते.

"चला ना," धाकटा त्यांना हळूच म्हणाला.

"मी बसने येतो," बाबा म्हणाले.

"मग गाडी कोण चालवणार?"

बाबांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. रागाने नाही, ओळख पटवून घेतल्यासारखं. "ते मला कसं माहीत असणार? मी तर गेलो ना मघाशी," ते म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेने चालू लागले. धाकट्याने ताईकडे बघितलं. ताईला गाडी चालवता येत होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिने हाताची घडी घातली.

किल्ली बाबांच्याच खिशात होती, पण खरं तर ती किल्ली धाकट्याला बऱ्याच वेळाने आठवली. त्याने नुसती ती निळ्या शर्टाची पाठ लांब जाताना बघितली. "बाबा," त्याने हाक मारली. मग धावला, पुन्हा हाक मारली, मोठ्याने, शाळेच्या फाटकातून मारायचा तशी. बाबा थांबले. पोराने हाक मारली आणि न थांबता पुढे गेले, असं त्यांच्याकडून कधी झालं नव्हतं.

गर्दी मागोमाग आली. धाकटा बाबांचा हात धरून वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे माझे बाबा आहेत. हेच ते. जिवंत आहेत. गिटार मी मोडली होती, यांनी जोडली."

ती पहिल्या रांगेतली मुलगी स्फुंदत म्हणाली, "ड्रायव्हर काकांना त्याने बाप मानलं."

"नाही हो, खरंच," धाकटा म्हणाला. "मी तुमच्याशी खोटं बोललो."

"स्वतःला दोष देऊ नकोस," एक जण भरल्या गळ्याने म्हणाला. दुसऱ्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ताई पुढे झाली, "अहो, मी बहीण आहे त्याची, हे आमचे वडील आहेत," म्हणाली, तर एका बाईंनी तिलाही मिठी मारली. धाकटा सांगत होता, शपथ घेत होता, रडत होता, आणि जितका रडत होता तितके लोक जास्त टाळ्या वाजवत होते. त्याने स्वतःच्या हाताने बाबांना इतकं पक्कं मारून ठेवलं होतं की आता ते परत येईनात.

बाबांनीच शेवटी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला गाडीपर्यंत आणलं, पुढच्या सीटवर बसवलं, आणि स्वतः स्टिअरिंगपाशी बसले. ताई मागे बसली. ढोल्या आणि डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते. गर्दीतला एक दाढीवाला माणूस बाबांच्या बाजूच्या काचेशी वाकला, आणि धाकट्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण चांगलं ऐकू येईल असं, म्हणाला, "काका, सांभाळून न्या त्याला. त्याला वडील नाहीत हो."

"माहितीये मला," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.